नॉयरमधली लोभी बाई सांगलीच्या हळदपेठेत कशी उभी करायची?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

सांगलीतल्या आमच्या नाट्यगटासाठी २५ मिनिटांचा लघुपट लिहितोय. बाज जुन्या अमेरिकी फिल्म नॉयरचा (गुन्हा, लोभ आणि गडद सावल्यांचे कृष्णधवल चित्रपट) हवाय, म्हणजे १९४१ च्या 'द माल्टीज फाल्कन'पासून पन्नासच्या दशकाअखेरपर्यंतचा. गोष्ट मात्र इथलीच.

हळदीचा एक अडत्या, वय पासष्ट, पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेला. त्याची दुसरी बायको पस्तिशीची. दुकानाचा दिवाणजी चाळिशीचा. बायको आणि दिवाणजी मिळून एप्रिल-मेमध्ये गोदामातली हळद गुपचूप विकतात, रिकाम्या पोत्यांत भुसा भरतात आणि ऑगस्टच्या पुरात माल गेला असं दाखवून विम्याचा दावा करायचा असा बेत आखतात. शेवटी ती दिवाणजीला फसवून पैसे घेऊन निघते आणि पकडली जाते.

गटात वाचन झालं तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं: बाई मालिकेतली खलनायिका वाटते. पहिल्या प्रसंगात ती आरशासमोर सवतीचे दागिने घालून बघते, तिथंच तिचं पाणी कळतं आणि पुढं काही उरत नाही. दिवाणजी भोळा सांब वाटतो, त्याची नुसती कीव येते.

विचारायचंय ते असं. जुन्या नॉयरमध्ये बाईचा लोभ नेमका कसा बांधलेला असतो? नवऱ्याचा खून घालावाच लागेल का? विम्याच्या भागात काही ढोबळ चूक आहे का? आणि आमच्याकडे दोनच एलईडी दिवे आहेत, तेवढ्यात तो उजेड जमेल का?

---

काळीपांढरी

दुरुस्ती दिवाणजीपासून सुरू करा, बाई आपोआप निम्मी सुधारेल.

बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) पुन्हा लावा आणि या खेपेला बार्बरा स्टॅनविकची फिलिस सोडून फ्रेड मॅकमरेच्या वॉल्टर नेफवर नजर ठेवा. तो विमा विकणारा माणूस. मोटारींच्या पॉलिसीचं नूतनीकरण करायला म्हणून तिच्या घरी जातो. नवऱ्याला न कळता त्याचा अपघात विमा काढता येईल का, असं ती विचारते तेव्हा तो तिचा डाव तिथल्या तिथं ओळखतो, तिला सुनावतो आणि उठून जातो. म्हणजे त्याला फसवलेलं नाही. रात्री ती त्याच्या खोलीवर येते आणि मग नवऱ्याच्या खुनाचा बेत कोण आखतं? तोच आखतो. कंपनीला कसं गंडवता येईल हा विचार त्याच्या डोक्यात आधीपासून घोळत होता, असं तो स्वतःच्या तोंडानं सांगतो. जुगाराच्या चक्राशी बसणाऱ्या माणसाची उपमा देतो, रोज दुसऱ्यांचे पैसे मोजून एक दिवस स्वतःच अड्डा लुटावा असं ज्याला वाटायला लागतं. पन्नास हजार डॉलरची पॉलिसी, आणि रेल्वेत अपघाती मृत्यू झाला तर दुप्पट, म्हणजे एक लाख. ते रेल्वेचं कलम वापरायचं, हे डोकं नेफचं. फिलिसला ते माहीतही नसतं.

तुमचा दिवाणजी पंधरा-वीस वर्षं दुसऱ्याच्या मालाचे आकडे लिहितोय. वजनात कुठं किती मारता येतं, कुठल्या नोंदीकडे मालक कधीच बघत नाही, हे त्याला पाठ असणार. बाईनं फक्त विचारायचं, "समजा, गोदामात पाणी शिरलं तर?" आणि त्यानं क्षणभरही न थांबता पूर्ण उत्तर द्यायचं. इतकं तयार उत्तर त्याच्याकडे होतं, हे प्रेक्षकाला आणि बाईला एकाच वेळी कळू दे. तिथं ती त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघते. दागिन्यांच्या प्रसंगाची जागा याला द्या.

दुसरं म्हणजे आकडा. नॉयरमधला लोभ मोघम नसतो, त्याला किंमत लिहिलेली असते. 'आउट ऑफ द पास्ट'मध्ये (१९४७) चाळीस हजार डॉलर. 'टू लेट फॉर टीअर्स'मध्ये (१९४९) साठ हजार, तेही रात्रीच्या रस्त्यावर चुकून मोटारीत येऊन पडलेली बॅग. रॉबर्ट सिओडमाकच्या 'द किलर्स'मध्ये (१९४६) सगळा तपास मेलेल्या माणसाच्या अडीच हजार डॉलरच्या क्षुल्लक विम्यापासून सुरू होतो आणि दरोड्याच्या मोठ्या रकमेपर्यंत पोचतो. तुमच्या पटकथेत "भरपूर पैसे" असं तीन वेळा येत असेल तर तिन्ही वेळा खोडा.

हिशेब करून बघा. ६०० पोती, पोत्याला ५० किलो, म्हणजे ३०० क्विंटल. बिलाविना विकायची म्हणजे दर पडणार; क्विंटलला १०,००० धरले तर ३० लाख. पाचशेच्या नोटांची ६० बंडलं. दोघांत वाटली तर प्रत्येकी ३०. आता पडद्यावर टेबलावर ६० बंडलं मांडा आणि मधोमध रेघ ओढल्यासारखी दोन थप्प्या करा. काही न बोलता दोघांची नजर समोरच्याच्या थप्पीवर जाते. तुम्हाला हवा तो लोभ या एका चौकटीत येतो.

तिसरी गोष्ट वस्तूची. 'आउट ऑफ द पास्ट'मध्ये कॅथी, म्हणजे जेन ग्रीअर, पैसे घेतलेच नाहीत असं सांगते आणि रॉबर्ट मिचमचा जेफ ते मानून घेतो, कारण त्याला मानायचं असतं. पुढं ती एकाला गोळी घालून मोटारीनं निघून जाते आणि मागं तिचं बँकेचं पासबुक राहतं. त्यात जमा: चाळीस हजार. एक ओळ, एक आकडा, आणि मागचा सगळा प्रणय खोटा पडतो. आपल्याकडे पासबुक आहे, हिशेबपट्टी आहे, वजनकाट्याची पावती आहे. संवादात "तू मला फसवलंस" असं वाक्य असेल तर काढून टाका आणि त्या जागी कागद ठेवा.

निवेदन ठेवणार असाल तर दिवाणजी कुणाशी बोलतोय ते आधी ठरवा. नेफ ऑफिसातल्या यंत्रावर आपल्या वरिष्ठासाठी, कीजसाठी, कबुली बोलतो आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो की खून पैशासाठी आणि बाईसाठी केला आणि दोन्हीतलं काहीच हाती लागलं नाही. जेफ मोटारीत शेजारी बसलेल्या ॲनला सांगतो. ऐकणारा बदलला की कबुलीचा सूर बदलतो. तुमच्या दिवाणजीनं विम्याच्या सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाला, फोनवर आवाजी निरोप पाठवावा, असं मला वाटतं. शेवट पहिल्या मिनिटाला सांगितलात तरी बिघडत नाही. प्रेक्षक मग 'कोण पकडलं जाणार' हे सोडून 'कुठं चुकलं' हे बघायला लागतो.

---

ओवी

काळीपांढरींचं पुरुषाबद्दलचं म्हणणं पटतं. समुद्रमंथनातल्या मोहिनीनं अमृताचा कलश हिसकावून घेतला नव्हता, असुरांनीच तो तिच्या हातात दिला होता. आपल्याकडच्या प्रेक्षकाला ही रचना नवी नाही. पण नुसतं पुरुषाकडे बोट दाखवून बाई उभी राहणार नाही, तिचं गणित तिला स्वतःला हवं.

कसोटीचा एक प्रश्न विचारा: ती थांबली तर तिला काय मिळेल?

तुमच्या मसुद्यात याचं उत्तर नाही आणि म्हणून ती नुसती दुष्ट दिसते. नवरा पासष्टचा, आजारी. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानं त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवेला मुलांच्या बरोबरीचा हिस्सा मिळतो. मग तिनं जोखीम कशाला घ्यावी? थांबण्याचा रस्ता आधी बंद करा. पहिल्या बायकोच्या दोन मुलांच्या नावे मृत्युपत्र झालंय आणि ते वकिलाकडे पोचवायचं पाकीट तिच्याच हातात दिलंय, एवढं पुरे. ती पाकीट उघडत नाही. तिला ठाऊक आहे.

'टू लेट फॉर टीअर्स'मधली लिझाबेथ स्कॉटची जेन पामर बघा. ती गरीब नाही. तिची टोचणी मध्यमवर्गाची आहे: शेजाऱ्यांच्या बरोबरीला जेमतेम पोचायचं आणि नेहमी बोटभर मागं राहायचं. नवरा म्हणतो पैसे पोलिसांना देऊ, आणि मग बॅग स्टेशनवरच्या सामानघरात ठेवतो. तिथून सगळा चित्रपट त्या सामानघराच्या पावतीमागं धावतो. मोठ्या लोभाची मूठ एका चिठोऱ्यावर आवळलेली असते.

फिलिसबद्दलही एक गोष्ट सुटते. ती आधी त्याच घरात पहिल्या बायकोची परिचारिका होती. ही माहिती आपल्याला खूप उशिरा, सावत्र मुलीकडून कळते. म्हणजे बाईचा भूतकाळ तिनं सांगायचा नाही, दुसऱ्या कुणाच्या तोंडून आणि अर्ध्यावर यायला हवा. तुमच्याकडे ती स्वतःच नवऱ्याच्या उशाशी बसून लहानपणीची गरिबी सांगते, तो प्रसंग काढा. त्याऐवजी हमालांपैकी कुणीतरी सहज म्हणू दे की वहिनी लग्नाआधी याच पेठेत हळद निवडायला यायच्या. आता तिचं गोदामातलं चालणं, पोत्यावर हात ठेवणं, सगळं वेगळं दिसायला लागतं.

संबोधनही बघा. दिवाणजी तिला "वहिनी" म्हणतो, ती त्याला "दिवाणजी". तो पुढं "तू" वर येतो तेव्हाही तिनं "दिवाणजी"च म्हणत राहावं. त्या एका शब्दात तिचा हिशेब ऐकू येतो आणि तो शेवटपर्यंत त्याच्या कानावर पडत नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस तो.

दागिने, गडद लाली, मागं वाजणारं संगीत, यांतलं काही नको. फिलिसच्या पायातली साखळी लक्षात राहते, कारण ती एकच आहे आणि नेफ तिच्याकडेच बघत राहतो. तुमच्या बाईला एक वस्तू द्या. मी असते तर गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला दिला असता.

---

गणपतीपेठ

विमा आणि पेठ, या दोन्हीतल्या चुका सांगतो. त्या राहिल्या तर सांगलीतला प्रेक्षक पाचव्या मिनिटाला उठेल.

एक. अडत्याच्या गोदामातला माल बराचसा शेतकऱ्यांचा असतो. पॉलिसीत 'विश्वस्त म्हणून किंवा कमिशनवर ठेवलेला माल' असं लिहिलेलं नसेल तर दुसऱ्याच्या मालाचे पैसे मिळवताना अडचण येते. म्हणून ही ६०० पोती अडत्यानं स्वतः खरेदी करून दर वाढायची वाट बघत ठेवलेली दाखवा. एका वाक्याचं काम आहे.

दोन. मालावर बँकेचं कर्ज असेल तर दाव्याचे पैसे आधी बँकेकडे जातात, बाईच्या हातात येत नाहीत. शिवाय दावा दुकानाच्या नावानं होणार, म्हणजे मालकाच्या खात्यात. तुमच्या कथेत दोघंही विम्याच्या चेकची वाट बघत बसलेत, ते चुकीचं आहे. त्यांची कमाई मे महिन्यातच झाली, रोखीत. विमा फक्त खड्डा झाकायला. मालक बरा झाला किंवा मुलांनी माल मोजला तर ६०० पोती कुठं गेली याचं उत्तर हवं, ते उत्तर म्हणजे पूर.

यातून कथेला मोठं बळ मिळतं, ते बघा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पावसाळ्यात अख्खं शहर तो आकडा वाढू नये म्हणून देवाला हात जोडतं. या दोघांना मात्र तो वाढायला हवाय. मोबाइलवर दर दोन तासांनी पातळी येते, ३६, ३८, ३९, आणि घरात सगळे घाबरलेले असताना दोघांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसतं. तुमचं गोदाम किती फुटांना भिजतं तो आकडा आधी नक्की करा आणि संवादात एकदाच येऊ द्या.

तीन. विम्याची रक्कम. ३० लाखांचा माल आणि विमा १५ लाखांचा असेल तर नुकसानीच्या निम्मेच मिळतात, सरासरीचं कलम लागतं. म्हणून दिवाणजीला रक्कम वाढवावीशी वाटेल. पण जूनमध्ये वाढवली तर सर्व्हेअर पहिलं तेच विचारेल. ती चूक हवी असेल तर बाईच्या हट्टानं होऊ द्या आणि दिवाणजीला ती चूक आहे हे कळत असू द्या.

चार. भुसा. भिजलेला भुसा आणि भिजलेली हळद यांत गोंधळ होत नाही. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडलं की खणखणीत आवाज येतो. भिजलेलं फुगतं, मऊ पडतं, त्याला बुरशी धरते. हळदीची पोती भिजली की तागाला आणि फरशीला पिवळे डाग राहतात. भुशाला ते येणार नाहीत. दिवाणजीसारखा माणूस हे जाणतो, म्हणून तो पुढच्या दोन रांगांत खरी हळद ठेवेल, समजा ४० पोती. आणि बाईला तीही ४० विकायची असतील. हे भांडण लिहा.

हरिपूरच्या पेवांचा, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांचा, मोह होईल, दिसायला ती जबरदस्त असतात. पण २००५ च्या पुरात त्यांचं फार नुकसान झालं, तिथं आजची गोष्ट बसवू नका.

---

काळीपांढरी

गणपतीपेठ, तुमच्या चौथ्या मुद्द्यावरून कीजची आठवण झाली.

'डबल इन्डेम्निटी'त एडवर्ड जी. रॉबिन्सनचा कीज हा दाव्यांची छाननी करणारा माणूस. आधी तो कंपनीच्या प्रमुखाची आत्महत्येची कल्पना आकडेवारीच्या जोरावर उडवून लावतो. पण मग त्याला एक गोष्ट झोपू देत नाही: मयताचा पाय मोडला होता, अपघात विमा होता, तरी त्यानं पाय मोडल्याचा दावा केला नाही. का? कारण आपला विमा आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. हा पुरावा म्हणजे न घडलेली गोष्ट आहे. बेत आखणारा घडलेल्या गोष्टींची काळजी घेतो, न घडलेल्यांची यादी त्याच्याजवळ नसते.

कृष्णाकाठ, तुमच्या सर्व्हेअरला असं काही द्या. बोटाचे ठसे, सीसीटीव्ही, फुटलेला साक्षीदार, हे सगळं नको.

खुनाचं विचारलं होतंत. गरज नाही. 'माल्टीज फाल्कन'मध्ये मृत्यू आहेत, पण मध्यभागी आहे एक पक्ष्याचा पुतळा, ज्याच्यासाठी सगळे धावतात आणि जो शेवटी शिशाचा निघतो. भुशाची ५६० पोती हा तुमचा शिशाचा पक्षी. नवऱ्याला जिवंतच ठेवा. तो बोलू शकत नाही पण बघू शकतो, आणि पलंगाजवळच्या खिडकीतून त्याला गोदामाचं दार दिसतं. हे मेलेल्या नवऱ्यापेक्षा जड जाईल.

---

कवडसा

दोन दिवे पुरेसे आहेत. नॉयरमध्ये दिव्यांपेक्षा अंधार कुठं ठेवायचा हे ठरवण्यात जास्त वेळ जातो.

मुख्य दिव्यावरची पांढरी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स काढून टाका. कडक सावलीसाठी उजेडाचा उगम लहान हवा. एलईडीचं मोठं पॅनल असेल तर सावली मऊच पडेल, काही केलं तरी. एकाच ठिपक्याचा, सीओबी प्रकारचा दिवा भाड्यानं मिळाला तर घ्या. तो पात्रापासून जितका दूर तितकी सावली धारदार, पण उजेड झपाट्यानं कमी होतो: अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई.

अमेरिकी चित्रपटांत खिडकीच्या आडव्या पट्ट्यांची सावली दिसते. गोदामात तसल्या खिडक्या नसतात, त्या आणू नका. शटर गुडघ्यापर्यंत उचललेलं, वरच्या झरोक्याचे गज, कौलातली फट, लाकडी जिन्याच्या पायऱ्यांमधल्या रेषा, एवढं इथलं पुरे. गजांची सावली भिंतीवर स्पष्ट हवी तर गज भिंतीच्या जवळ आणि दिवा लांब ठेवा. गज दिव्याजवळ नेले की सावली विरघळते. बहुतेकांचं इथंच चुकतं.

दुसरा दिवा भरणीसाठी, म्हणजे सावल्या थोड्या उजळायला, तोही छतावर किंवा पांढऱ्या कापडावर आपटवून. मुख्य उजेडापेक्षा तीन स्टॉप (एका स्टॉपला उजेड निम्मा) खाली ठेवा, म्हणजे उजेड आणि सावलीचं प्रमाण ८ ला १ येतं. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर बघणारे जास्त असतील तर दोन स्टॉपवर थांबा, नाहीतर चेहऱ्याची एक बाजू पूर्ण गायब होईल.

कॅमेरा स्वयंचलित ठेवलात तर तो अंधार उजळायला जाईल आणि सगळं करडं, दाणेदार होईल. आयएसओ, शटर, छिद्र, तिन्ही हातानं बांधा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५०. आपल्या वीजपुरवठ्यात साध्या बल्बची फडफडही त्यानं टळते.

हवेत धूळ दिसायला हवी असेल. जॉन सायट्झनं 'डबल इन्डेम्निटी'त त्या बंद, कोंदट घरासाठी हवेत ॲल्युमिनियमचा बारीक चुरा सोडला होता. तसलं काही करू नका आणि हळदीची पूड तर अजिबात उधळू नका. छातीत जाते, आणि बारीक कोरडी पूड हवेत पसरली की ठिणगीनं भडका उडू शकतो. धुपाचा थोडा धूर करा, दारं बंद करून पाच मिनिटं थांबा, तो समान पसरला की घ्या. दिवा कॅमेऱ्याच्या समोरून, थोडा बाजूनं आला तरच धूर दिसतो, कॅमेऱ्यामागून आला तर दिसत नाही.

आता हळदीचा पेच. कृष्णधवलात पिवळा रंग फिका करडा दिसतो, म्हणजे तुमची हळद वाळूसारखी दिसेल. चित्रण रंगीतच करा आणि नंतर कृष्णधवल करताना पिवळ्याची पातळी खाली ओढा. मग तोच पिवळा गडद होतो आणि बाईच्या तळहातावरची हळद डागासारखी दिसायला लागते. फार ओढू नका. माणसाच्या कातडीतही पिवळा-तांबडा असतो, चेहरे मळकट होतात आणि दाणे वाढतात. आधी एका माणसाच्या हाताला हळद लावून दहा सेकंदांचं चित्रण करा, त्यावर पातळी ठरवा, मग बाकीचं.

---

कृष्णाकाठ

मनापासून आभार. एवढ्या बारकाईनं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

बदल करतोय ते थोडक्यात. दागिने गेले, किल्ल्यांचा जुडगा आला. मृत्युपत्राचं पाकीट घेतलं. "समजा पाणी शिरलं तर" हा प्रसंग तिसऱ्या मिनिटाला. ६० बंडलांची वाटणी नवव्याला. नवरा जिवंत, खिडकीशी.

शेवट बदलावासा वाटतोय. गोदाम ४५ फुटांना भिजतं असं धरलं. पाणी चढत चढत ४३ वर येतं आणि थांबतं. उतरायला लागतं. सगळं गाव सुटकेचा श्वास टाकतं आणि हे दोघं अडकतात. हा योगायोग चालेल का, की फार सोयीचा वाटेल?

---

काळीपांढरी

चालेल, पण एका अटीवर. योगायोगासाठी दार त्यांनीच उघडलेलं असायला हवं.

स्टॅनली कुब्रिकच्या 'द किलिंग'मध्ये (१९५६) शेवटी विमानतळावर एक छोटा कुत्रा धावतो आणि नोटा उडून जातात, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. साखळी उलटी बघा. बॅग फार मोठी, म्हणून विमानात हातात नेऊ देत नाहीत. म्हणून ती सामानात द्यावी लागते. बॅग जुनी, घाईत घेतलेली, कुलूप धड लागत नाही. कुत्र्याची मालकीण आपण आधीच पाहिलेली असते. मग कुत्रा सुटतो, गाडी वळते, बॅग पडते. शेवटची कडी नशिबाची, आधीच्या सगळ्या माणसाच्या. त्याच चित्रपटात मेरी विंडसरची शेरीही बघा: नवऱ्यानं मोठेपणा मिरवण्यासाठी बेत तिच्या कानावर घातला, तिनं तो प्रियकराच्या, आणि तिथून सगळ्यांचा निकाल लागला.

तुमच्याकडे पाणी ४३ वर थांबतं. इथं दोघांपुढं एक सुरक्षित वाट हवी: गप्प बसणं, ४० खरी पोती पुढं ठेवून पुढच्या पावसाळ्याची वाट बघणं. दिवाणजी हेच म्हणेल. पण ती ४० बाईनं आधीच विकलेली आहेत, त्याला न सांगता. म्हणून थांबता येत नाही. एडगर उल्मरच्या 'डीटूर'मध्ये (१९४५) मेलेल्या माणसाची मोटार विकून दोघांना सुटता आलं असतं, पण त्यातल्या बाईला, व्हेराला, त्याला मिळणाऱ्या वारशाचा मोह पडतो आणि तिथून सगळं ढासळतं. पहिला लोभ पचतो, दुसरा घात करतो. तो 'डीटूर' आणि फ्रिट्झ लँगचा 'स्कार्लेट स्ट्रीट' (१९४५), दोन्ही अमेरिकेत कॉपीराइटमुक्त आहेत, गटाला एकत्र दाखवायला सोपे.

आता दिवाणजी आणि बाई रात्री पाण्याची मोटार लावून गोदामात पाणी सोडतात आणि नाला उलटा आला असं सांगतात.

---

ओवी

मोटार कुणी सुरू करायची हे महत्त्वाचं आहे. दिवाणजीनं करावी. बाईनं किल्ली काढून द्यावी, एवढंच.

आणि तिला पकडून तुरुंगात टाकायची घाई करू नका. हॉलिवुडमध्ये १९३४ पासून निर्मिती संहिता (पडद्यावर काय दाखवायचं याचे नियम) कडक लागू झाली, गुन्हेगार सुटलेला दाखवता येत नसे, म्हणून प्रत्येक बाईला गोळी किंवा बेडी मिळे. तरी त्यातूनही वाट काढत. वाइल्डरनं नेफला मृत्युदंड दिल्याचा प्रसंग चित्रित करून शेवटी वगळला आणि दारात कोसळलेल्या नेफपाशीच चित्रपट थांबवला. 'स्कार्लेट स्ट्रीट'मध्ये खून करतो एक आणि मृत्युदंड भलत्याला, खरा खुनी मोकळा आणि वेडा होऊन फिरतो. तुमच्यावर तसली सक्ती नाही. फिलिस शेवटी दुसरी गोळी झाडू शकत नाही, ती एक थबक तिला माणूस करते. तुमच्या बाईला तशी एक थबक द्या. बॅग घेऊन निघताना ती नवऱ्याच्या औषधाची वेळ बघते आणि गोळी देऊन मग जाते. का, ते सांगू नका.

---

गणपतीपेठ

मोटारीच्या पाण्यावर सर्व्हेअर फसणार नाही. पुराचं किंवा नाल्याचं पाणी ओसरलं की मागं गाळ राहतो: भिंतीवर मळकी रेघ, फरशीवर बोटभर चिखल, पोत्यांच्या शिवणीत माती. बोअरच्या पाण्याला गाळ नसतो. सर्व्हेअरनं भिंतीवरून बोट फिरवून पांढऱ्या रुमालाला पुसावं. रुमाल स्वच्छ. कृष्णधवलातही ते दिसेल. पिवळा डाग नाही आणि मातीही नाही.

पण काळीपांढरींनी म्हटलेली न घडलेली गोष्ट याच्याही आधीची आहे, आणि ती दिवाणजीच्याच अक्षरात लिहिलेली आहे. पाणी ४० च्या वर गेलं की नदीकडचा प्रत्येक गोदामवाला माल उचलतो. ४० ते ४५ मधल्या तासांत हमाल मिळत नाहीत, दुप्पट हमाली देऊन पोती माळ्यावर चढवतात. याच्या दुकानात हे दर पुराला झालेलं आहे. सर्व्हेअर फक्त खर्चाची वही मागेल आणि मागची पानं चाळेल. २०१९ चा ऑगस्ट: हमाली. २०२१ चा जुलै: हमाली. या वर्षीचं पान: चहा, पेट्रोल, देवळाची वर्गणी, मोटारदुरुस्ती. सहाशे पोती, त्रेचाळीस फूट पाणी आणि हमालीचा एक रुपया नाही.

वही खरी लांब, लाल कापडी बांधणीची घ्या आणि त्यातल्या नोंदी चित्रणाआधी एकाच माणसाकडून, एकाच पेनानं लिहून घ्या. जवळून घेताना अक्षर बदललेलं लगेच दिसतं.